सायकलवर कोकण: रोजचे किती धरायचे?

तुम्ही विचारलंत म्हणून. अलिबाग ते वेंगुर्ला सागरी मार्गाने सायकलवर जायचं तर राहण्याखाण्याचे रोजचे किती धरायचे, हा प्रश्न हिवाळा आला की हमखास येतो.

दोघं असाल तर माणशी दीड हजार धरा. साध्या, बिनएसी खोलीचे बाराशे, म्हणजे प्रत्येकी सहाशे. पोहे-चहा आणि दहाच्या सुमारास पुन्हा काहीतरी, मिळून १२०. दुपारची शाकाहारी थाळी २००, रात्री बांगड्याची थाळी ३००. शहाळं, केळी, चिक्की, पाणी १५०. फेरीबोट आणि किरकोळ ५०. झाले १४२०. एकटे असाल तर त्यात सहाशे वाढवा, कारण भाडं खोलीचं असतं, माणसाचं नाही. काही भक्तनिवासांत स्वस्तात सोय होते, पण एकट्याला खोली देतात का, हे आधी विचारून ठेवा.

हा हिशोब कोलमडतो तो दरांपेक्षा वार आणि वेळेमुळे. शनिवारी किनाऱ्यावरच्या गावात तीच खोली दुप्पट दराने जाते. म्हणून रविवारी निघा, म्हणजे परतणारी गर्दी समोरून येईल आणि खोल्या रिकाम्या होत असतील. पुढचा शनिवार मुरूड, दिवेआगर, गणपतीपुळे किंवा मालवणात येऊ देऊ नका. नाताळच्या आठवड्यात तर हे गणितच विसरा.

जेवणाचं त्याहून नाजूक. घरगुती खानावळीत माणसं मोजून मासळी आणतात. 'रात्री दोघं आहोत, सातला पोचतो' असा फोन सकाळी दहा-अकराला गेला पाहिजे. न सांगता आठला दारात उभं राहिलात तर उरलेला वरणभात मिळेल, किंवा तोही नाही. मग हॉटेलात सुरमईची थाळी मागवली जाते आणि तीनशेचे साडेचारशे होतात. थाळीत चपात्या बहुधा दोनच. वरच्या प्रत्येकीचे पैसे वेगळे. सत्तर किलोमीटर चढउतार करून आलेल्याला दोन कुठल्या पुरतात! भात पुन्हा वाढतात का, हे आधी विचारा. पोट भरतं ते त्यावरच. दुपारी अडीचनंतर चूल थंड झालेली असते, तेव्हा जेवणाचं गाव एकच्या आत गाठायचं.

आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड: चार खाड्या, चार फेरीबोटी. तिकीट किरकोळ, पण शेवटची बोट चुकली तर अलीकडच्या काठावर मिळेल त्या दराने राहावं लागतं, आणि पलीकडे सांगून ठेवलेलं जेवण वाया जातं ते वेगळंच. शेवटच्या फेरीची वेळ दुपारीच विचारून घ्या.

पाण्यावर उगाच पैसे जातात. दिवसाला चार-पाच लिटर लागतं. बाटल्या घेत गेलात तर शंभराची नोट तिथेच संपते. जेवता तिथेच बाटल्या भरून घ्या आणि ओआरएसची पाकिटं जवळ ठेवा. एका मोठ्या पाकिटाला पूर्ण एक लिटर पाणी, बाटली पाऊण लिटरची असली तरी अंदाजाने ओतायचं नाही.

रोख दोन-तीन हजार, त्यात दहा-वीसच्या नोटा भरपूर. खाडीकाठी रेंज गेली की यूपीआय नुसतं फिरत बसतं. खोली घेताना सायकल आत ठेवू देतील का, ते विचारा. पहाटे सहाला निघणार असाल तर पैसे रात्रीच चुकते करा आणि चार केळी, दोन उकडलेली अंडी सोबत घेऊन ठेवा; सातच्या आधी टपरीसुद्धा उघडत नाही.