हेलबॉय मी दोनदा चुकीच्या टोकाकडून वाचला

किलोवर पुस्तकं विकणाऱ्या प्रदर्शनात जाऊन हात काळे करून घ्यायची मला जुनी खोड आहे. ठाण्यातल्या अशाच एका हॉलमध्ये, केक-बिस्किटांच्या पुस्तकांच्या ढिगाखाली 'द वाइल्ड हंट' हे हेलबॉयचं कॉमिक सापडलं. हेलबॉय म्हणजे सिनेमातला तो लालभडक, दगडी हाताचा गडी, एवढंच माहीत होतं. चित्रं बघून भुलले आणि पुस्तक काट्यावर ठेवलं.

घरी येऊन वाचायला बसले तर काही कळेना. डुकराच्या तोंडाचा एक धिप्पाड प्राणी आहे, ग्रुआगाख नावाचा. तो रागाने नुसता धुमसतोय. हेलबॉयवर सूड उगवायचा म्हणून तो एका जुन्या, भयंकर राणीला पुन्हा उठवायला निघालाय. पण एवढा राग कशाचा? लग्नाच्या मांडवात शिरावं, दोन मावश्या एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या दिसाव्यात आणि विचारायची सोय नसावी, तसं झालं. पुस्तक कपाटात गेलं आणि दोन वर्षं तिथेच राहिलं.

नंतर एकदा आजारपणात आठवडाभर घरी होते. तेव्हा ठरवलं, ही भानगड पहिल्यापासून वाचायची.

पण पहिलं कुठलं हेच आधी शोधावं लागलं. माइक मिन्योला या अमेरिकन चित्रकाराचं हे पात्र 1993 साली पहिल्यांदा छापून आलं आणि 1994 मध्ये 'सीड ऑफ डिस्ट्रक्शन' ही चार अंकांची पहिली मालिका डार्क हॉर्स या प्रकाशनाने काढली. गोष्ट सुरू होते 23 डिसेंबर 1944 ला. नाझींच्या मदतीने रास्पुतिन हा रशियातला गूढ साधू नरकातून काहीतरी ओढून आणायचा विधी करतो आणि ते काहीतरी इंग्लंडमधल्या एका पडक्या चर्चमध्ये प्रकट होतं: लाल कातडीचं, शेपटीचं, उजवा हात दगडाचा असलेलं पोरगं. जग बुडवायला जन्मलेलं हे पोर अमेरिकन लोक सांभाळतात, मोठं करतात आणि भुताखेतांचा बंदोबस्त करायच्या सरकारी नोकरीला लावतात. कपाळावरची शिंगं तो घासून टाकतो. उरलेले दोन गोल खुंट मला कितीतरी पानं डोक्यावर चढवलेला गॉगलच वाटत होते.

त्यापुढे मालिका एका सरळ रेषेत जात नाही. मधूनमधून आठ-दहा पानांच्या सुट्या गोष्टी येतात, कधी 1950 च्या दशकातल्या, कधी त्याच्याही मागच्या. 2018 मध्ये मुख्य गोष्ट चार जाडजूड ऑम्निबस खंडांत आली, घटना घडल्या त्या क्रमाने. म्हटलं, सुटलो! चारही मागवले. पार्सल आलं ते एका पातळ प्लास्टिकच्या पिशवीत, पहिल्या खंडाचा कोपरा चेपून वर उचललेला. विकणाऱ्याशी तीन दिवस फोटो-फोटो खेळले, मग कंटाळून तोच ठेवून घेतला. कॉमिक्स मागवणाऱ्यांना एकच सांगते: पुठ्ठ्याच्या खोक्यातून पाठवणार का, हे पैसे भरायच्या आधी विचारा.

पहिली मालिका मला जडच गेली. तिचे संवाद जॉन बर्न यांनी लिहिलेत आणि चौकटी मजकुराने भरलेल्या आहेत. चित्रात दिसतंय तेच शब्दांत पुन्हा. दुसऱ्या 'वेक द डेव्हिल'पासून मिन्योला स्वतः लिहायला लागले आणि पानांना श्वास घेता यायला लागला. मारामारी ऐन भरात असताना मध्येच एक बारकी चौकट येते, तिच्यात फक्त तुटक्या नाकाचा दगडी पुतळा. पुढची चौकट, कावळा. मग पुन्हा गुद्दा. सुरुवातीला मी या चौकटी ओलांडून पळत होते. नंतर लक्षात आलं की भीती तिथेच बसलीय. अर्धं पान ठार काळं, त्या काळ्यात चेहऱ्याचा एक कोन तेवढा उजेडात, आणि डेव्ह स्टुअर्ट यांच्या करड्या-मातकट रंगांत एकटा हेलबॉय लाल. रात्री टेबललॅम्पखाली ही पानं फार चांगली दिसतात. दुपारच्या उजेडात निम्मी मजा जाते.

दुसऱ्या खंडात 'कॉन्करर वर्म' आहे. नाझींनी अंतराळात सोडलेली कुपी परत येते, सोबत परग्रहवासी वगैरे सगळा मसाला. माझ्या डोक्यात मात्र राहिला तो हेलबॉयचा राजीनामा. रॉजर नावाच्या त्याच्या सहकाऱ्याच्या, एका मानवनिर्मित जीवाच्या शरीरात खात्याने गुपचूप बॉम्ब बसवलेला असतो. ते कळल्यावर हा नोकरी सोडतो. ऑफिसात काम करणाऱ्या माणसाला ते पान लागतं.

मग तिसरा खंड, ज्यात माझं ते जुनं 'वाइल्ड हंट' होतं. आता सगळं कळणार म्हणून सरसावून बसले. इथून चित्रं डंकन फेग्रेडो यांची, आणि मिन्योलांच्या जागी दुसरं कोणी म्हणून नाक मुरडायची सोय त्यांनी ठेवलेली नाही. पण डुक्करतोंड्या येतो, तसाच धुमसतो, आणि मला कारण अजूनही ठाऊक नाही! त्याच्या आधी 'डार्कनेस कॉल्स'मध्ये रशियन लोककथांमधली बाबा यागा हेलबॉयच्या जिवावर उठलेली. तिचा डोळा त्याने घालवला म्हणे. कधी? मी दोन खंड ओळ न ओळ वाचलेत, कुठे निसटलं?

निसटलं नव्हतं, या चार खंडांत ते नव्हतंच. सुट्या गोष्टींचे दोन खंड वेगळे निघालेत आणि मी 'लघुकथा काय, नंतर वाचू' म्हणून घेतलेच नव्हते. या मालिकेतली मोठी वैरं दहा-वीस पानांच्या गोष्टींत पेरलेली आहेत.

ते दोन खंड खोक्यातून, धड आले. 'द कॉर्प्स' उघडली. ही गोष्ट मुळात एका वितरकाच्या कॅटलॉगमध्ये दर वेळी दोन पानं अशी छापली गेली होती. आयर्लंड, 1959. पऱ्यांच्या जमातीने एक तान्हं बाळ पळवून त्याच्या जागी आपलं ठेवलंय. हेलबॉय लोखंड लावून त्या बदली बाळाला उघडं पाडतो, तोच ग्रुआगाख. खरं बाळ परत हवं तर अट अशी, की एक प्रेत पाठीवर घेऊन पहाटेच्या आत ख्रिस्ती भूमीत पुरायचं. तो दफनभूमीमागून दफनभूमी हिंडतो, कुठेच जागा मिळत नाही. चिडलेला ग्रुआगाख त्याच्यावर एक राक्षस सोडतो, आणि तो राक्षस ग्रुआगाखलाच गिळतो. त्याचं ते डुकरी रूप तिथलं.

मी हे वाचत असताना बाबा पाणी प्यायला उठले होते. मागून डोकावून म्हणाले, "अगं, हा तर विक्रम! प्रेत बोलतंय का त्याच्या पाठीवर?"

"बोलतंय."

"मग झालं तर. चांदोबात दर महिन्याला यायचं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती गोष्ट भिंग घेऊन वाचली. बाबांचं इंग्रजी ऑफिसच्या पत्रांपुरतं, त्यामुळे दोन दुपारी गेल्या. पुस्तक मिटून म्हणाले, "तो लोखंडाने भाजलेला आहे ना, तो काही याला सोडायचा नाही." मला जे कळायला एक प्रदर्शन, चार ऑम्निबस आणि अडीच वर्षं लागली, ते त्यांनी चहा यायच्या आत सांगितलं.

मग मी तिसरा खंड पुन्हा पहिल्या पानापासून घेतला. त्या बाळाचं नाव अॅलिस, ती मोठी होऊन परत येते तेव्हा या वेळी मी खरोखर "अरे!" म्हणाले. 'हेलबॉय इन हेल'चे दहा अंक, 2012 ते 2016 मधले, मिन्योलांनी पुन्हा स्वतः चितारलेले, मी मुद्दाम रोज एक या मापाने पुरवले. नरक तिथे ओस पडलाय. रिकाम्या पेठेतून एकट्यानेच चालल्यासारखं वाटतं. ते वाचायच्या आधी 'पॅनकेक्स' नक्की वाचा. दोनच पानांची आहे. लहानगा हेलबॉय हट्ट करत-करत पॅनकेक खातो, त्याला ते आवडतं, आणि खाली नरकात रडारड होते, कारण आता हा काही परत यायचा नाही.

बी.पी.आर.डी. ही खात्याची वेगळी मालिका अजून बाकी आहे, बेडकांच्या साथीपासून पुढची, आणि ती या सगळ्याहून लांबलचक आहे. पहिला खंड आणून ठेवलाय. तिसरा ऑम्निबस सध्या बाबांकडे आहे, मध्ये खूण म्हणून विजेचं बिल घातलेलं. ते अजून भरायचंय.