‘मर्यादेत म्हणजे काय, मॅडम?’

ही 2019 च्या फेब्रुवारीतली गोष्ट. भोसरी एमआयडीसीत हार्ड क्रोम प्लेटिंगचा, म्हणजे धातूच्या भागांवर विजेनं क्रोमचा कडक थर चढवण्याचा, एक छोटा कारखाना. पत्र्याची शेड, आत तीन टाक्या. कामगाराच्या श्वासातून काय आणि किती आत जातं, हे मोजणं माझं काम. सकाळी साडेसातला टाकीवरच्या काकांच्या पट्ट्याला पंप अडकवला, कॉलरला फिल्टरची कॅसेट लावली. मिनिटाला 2 लिटर हवा, पूर्ण शिफ्टभर.

टाकीत लिटरमागे 250 ग्रॅम क्रोमिक अॅसिड, 50-55 अंशांवर तापलेलं. करंटचा फार तर पाचवा हिस्सा क्रोम चढवण्यात कामी येतो, बाकीचा हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यात जातो. बुडबुडा वर येऊन फुटला की अॅसिडचा बारीक तुषार उडतो. त्यातलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमिक अॅसिडात क्रोमियम याच रूपात असतं) फुप्फुसाचा कर्करोग करतं, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 1990 मध्येच नोंदवलंय.

जेवणाच्या सुट्टीत काका शेजारी बसून भाकरी मोडत होते. प्रत्येक श्वासाला बारीक शिट्टी येत होती. विचारलं तर म्हणाले, “रात्री लई वाजतंय. दुखत काही नाही पण.” मी मोबाइलचा टॉर्च एका नाकपुडीशी धरला. उजेड दुसऱ्या नाकपुडीत दिसला. मधल्या पडद्याला मसुराच्या दाण्याएवढं भोक होतं. तुषारानं पडदा जातो, तसाच अॅसिड लागलेल्या बोटानं सारखं नाक पुसूनही जातो. त्यामुळे नुसत्या भोकावरून हवेचा आकडा सांगता येत नाही. पण मला त्या दिवशी घास गिळवेना.

आठवड्यानं लॅबचा आकडा आला, घनमीटरला 0.031 मिलिग्रॅम. तेव्हाच्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या परिशिष्टातली मर्यादा 0.05. म्हणजे रिपोर्टात शेरा एकच: मर्यादेत. मालक वाईट माणूस नव्हता, वाचून त्याचा जीव भांड्यात पडला. दारात काका उभे होते. “मर्यादेत म्हणजे काय, मॅडम? मला काही होणार नाही, असंच ना?”

हो म्हणणं सोपं होतं, पण ते खोटं ठरलं असतं. आपल्या 0.05 म्हणजे 50 मायक्रोग्रॅम. अमेरिकेची जुनी मर्यादाही जवळपास तेवढीच, 52. ती 2006 मध्ये 5 वर आणताना तिथल्या सरकारी यंत्रणेनं स्वतःचा हिशोब छापला: 52 वर 45 वर्षं काम केलं, तर हजार कामगारांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे 101 ते 351 जादा रुग्ण. आणि नव्या 5 वरही 10 ते 45! आधी मसुदा 1 चा होता. सगळ्या उद्योगांना तो जमणार नाही म्हणून 5 ठरला. कॅन्सर करणाऱ्या बहुतेक रसायनांचं असंच असतं. ‘याच्या खाली धोका नाही’ अशी रेघ सापडतच नाही. किती धोका चालवून घ्यायचा, हे कुणीतरी टेबलाशी बसून ठरवतं. ज्याच्या नाकातोंडात तो तुषार जातो, त्याला त्या टेबलाशी खुर्ची नसते. याचा मला तेव्हाही संताप यायचा, आजही येतो.

रिपोर्ट परत घेतला. ‘मर्यादेत’खाली दुसरी ओळ लिहिली: अमेरिकेच्या मर्यादेच्या सहापट, कमी करणं आवश्यक. मग मालकाला टाकीशी नेलं आणि काठावर हवा कुठे वाहते ते दाखवणारी धुराची नळी फोडली. धूर एक्झॉस्टच्या फटीकडे वळलाच नाही, काका वाकून प्लेटिंगचा भाग लावतात तिथून सरळ वर गेला. फटी वाळलेल्या क्रोमनं बुजलेल्या, पंख्याचा पट्टा सैल. मालक बराच वेळ त्या धुराकडे बघत राहिला. म्हणाला, “हे तर उद्याच होईल.”

फटी साफ झाल्या, पट्टा बदलला, टाकीत तुषार दाबणारं रसायन पडलं. काकांना नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. क्रोमचे व्रण कायद्यानं कळवायचा आजार आहे, तेही कागदावर आणलं. महिन्याभरानं पुन्हा मोजलं, 0.004.

“कमी झालं, काका. शून्य नाही.”

“आकडा लिहून द्या,” ते म्हणाले. मी तारखेसकट चिठ्ठीवर लिहून दिला. चिठ्ठी खिशात ठेवत त्यांनी पलीकडच्या दोन टाक्यांकडे बोट केलं. “त्या पोरांचं कधी मोजताय?”

बॅगेत आणखी दोन पंप होते.