आजी पोफळी मोजते

आज नववीला कथालेखन. सुरू करण्याआधी वह्या काढायला लावल्या आणि फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: ‘काहीही झालं तरी तू काय सोडणार नाहीस? आणि घरातल्याच कुणी ते सोडायला सांगितलं तर?’ वेळ दहा मिनिटं. शुद्धलेखन तपासणार नाही हे आधीच सांगून टाकलं, नाहीतर पोरं नुसते सुविचार लिहितात.

निम्म्यांनी मोबाईल लिहिला. चालायचंच. मागच्या बाकावरची एक मात्र लिहून गेली: ‘बाबा कुळागर विकूया म्हणतात. आजी रोज सकाळी पोफळी मोजते.’ (कुळागर म्हणजे पोफळीची बाग.) दोन वाक्यं, आणि संघर्ष उभा! खलनायक कुणीच नाही. बाबांवर कर्ज आहे, एवढंच.

मग घरी येऊन मीही वही उघडली. १६ जानेवारी १९६७, गोव्यातला जनमत कौल. महाराष्ट्रात विलीनीकरणाला फूल, वेगळ्या गोव्याला दोन पानं. आमचे आजोबा फूलवाले, आजी दोन पानांची. ३४,०२१ मतांनी दोन पानं जिंकली, त्या रात्री आजोबांच्या ताटात हुमण वाढताना आजी काही बोलली असेल का?

तिथेच अडकलेय.