जोंधळीची सुई

मंगळवार. सकाळपासून झड लागली आहे. अजिंक्यतारा दोन दिवस ढगात बुडालेला, दोरीवरचे कपडे काही वाळत नाहीत.

जोंधळी या कुत्रीला घरी आणून आज बावीस दिवस झाले. आज तिची रेबीजची सुई होती. छत्री न घेता निघालो, कारण छत्री उघडली की ती जागच्या जागी मुतते. कुणी काय केलं असेल तिला, कोण जाणे. दोघी भिजत नाक्यापर्यंत गेलो. रिक्षात बसल्या बसल्या रिक्षावाले दादा म्हणाले, "वहिनी, जात कुठली म्हणायची?"

बावीस दिवसांत भेटेल त्याने हेच विचारलं आहे. निमुळतं तोंड आणि बारीक कंबर पाहून खालचे काका म्हणाले कारवानी. शेपटीचा आकडा पाहून दूधवाला म्हणाला गावठी. दहिवडीकडचे पाहुणे आले होते, त्यांना ती मेंढरांमागच्या कुत्र्यांतली वाटली. डॉक्टरांनी आज कार्डावर 'मिश्र' लिहिलं आणि पुढच्या रकान्याकडे वळले. मला फार बरं वाटलं. मला हा प्रश्नच आवडत नाही. मोडक्या पायाचं जनावर समोर उभं असताना पहिल्यांदा जात कशी सुचते?

वाढे फाट्याजवळ, महामार्गाच्या कडेला पडली होती ती. कॉलेजातल्या तीन पोरांनी चादरीत घालून उचललं, पदरमोड करून पायात सळई बसवून घेतली. नसबंदीही केली. त्याची खूण म्हणून कानाला खाच आहे. मला देताना त्यांतला एक म्हणाला, "ताई, आठ-दहा दिवस हाकच मारू नका. नुसतं तिच्या आसपास बसा."

तसंच केलं. कांदा-लसूण द्यायचा नाही, हे त्यांनी बजावलं होतं. म्हणून बिनफोडणीच्या वरणात भाकरी कुस्करायची, वर उकडलेलं अंडं. पण माझ्यासमोर ती घास घेईना. मग ताटली ठेवून मी स्वयंपाकघरात जायची आणि मुद्दाम भांडी वाजवत राहायची, म्हणजे मी लांब आहे हे तिला कळावं. दाराच्या फटीतून दिसायचं. शिलाई मशीनखालून लंगडत यायची, एक तुकडा उचलायची, परत आत जाऊन भिंतीला पाठ लावून खायची. एका तुकड्याला एक फेरी. ताटली संपायला अर्धा तास लागायचा. परवा पहिल्यांदा तिने ताटलीपाशीच उभं राहून सगळं खाल्लं. मी कढई घासत होते, हात तसाच राहिला.

सासूबाईंनी मात्र तिला अजून बोटही लावलेलं नाही. त्यांचं माहेर माहुलीचं. थोरल्या शाहू महाराजांना शिकारीत वाघापासून वाचवणाऱ्या खंड्या कुत्र्याची समाधी तिथेच आहे. लहानपणी त्या समाधीपाशीच खेळल्या आहेत. खंड्याची गोष्ट त्या अशी सांगतात की ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात. पण त्यांच्या धाकट्या भावाला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. तेव्हा बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. चौदा दिवस त्या भावाचे हात धरून बसल्या. भाऊ वाचला, पण ते ओरडणं त्यांच्या कानातून गेलं नाही. मी कितीदा सांगितलं, आता दंडात देतात, पोटात नाही. त्या ऐकून घेतात, पण कुत्रं दिसलं की पाय वर घेऊन बसतात. त्यांना भित्र्या म्हणायचं मला कधी धाडस झालं नाही, होणारही नाही.

परत आलो तेव्हा त्या कॉटवर वाट पाहत बसल्या होत्या. जोंधळी मशीनखाली गेली. मी तिचे पाय पुसायला टॉवेल शोधत होते.

"दिली का सुई?"

"दिली, आई."

"पुन्हा कधी?"

"आता वर्षाने."

"कार्ड बघू."

कार्ड भिजून मऊ पडलं होतं. चष्मा लावून त्यांनी तारीख वाचली, शिक्का पाहिला, पदराने कार्ड दोन्ही बाजूंनी टिपलं. मग उठल्या, कपाटातली रेशनकार्डाची प्लास्टिकची पिशवी काढली आणि स्वतःच्या बीपीच्या कागदांवर ते कार्ड नीट सपाट करून ठेवलं.