केअर सेंटर बघायला जाताय? आधी रात्रीचं विचारा

बरीच वर्षं हॉस्पिटलात नर्स म्हणून काढली, आता रिटायर आहे आणि पुण्यात राहते, त्यामुळे नात्यातले, सोसायटीतले, कुणाकुणाचे परदेशातले भाचे-पुतणे सगळे मलाच फोन करतात की ताई, आईला ठेवायचंय, एखादं चांगलं केअर सेंटर सांगा ना. नाव मी शक्यतो सांगत नाही, कारण आज चांगलं असलेलं ठिकाण सहा महिन्यांत दोन सिस्टर सोडून गेल्या की बदलतं. मी त्यांना एवढंच सांगते की बाग, टीव्हीचा हॉल, गणपतीतले फोटो, आठवड्याचा मेन्यू हे सगळं बघा, पण पहिला प्रश्न रात्रीचा विचारा. रात्री आठ ते सकाळी आठ तिथे किती माणसं असतात, त्यातलं एएनएम-जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा कोर्स, झालेलं कुणी आहे का, आणि ते माणूस जागं असतं का कोपऱ्यात गादी टाकून झोपायची सूट आहे.

हे विचारलं की मॅनेजर थोडे गडबडतात. "डॉक्टर ऑन कॉल आहेत" असं उत्तर येतं. डॉक्टर फोनवर असतात हो, पण त्यांना फोन करायला आधी कुणाला तरी कळायला तर पाहिजे ना की आजोबांना दरदरून घाम फुटलाय. संध्याकाळी इन्सुलिन दिलं, आजोबा दोन घास खाऊन झोपले, पहाटे तीनला शुगर खाली आली, तर बाहेरून बघणाऱ्याला ते गाढ झोपलेलेच वाटतात. तसंच पडण्याचं. बीपीची गोळी, त्यात लघवी होण्याची गोळी संध्याकाळी उशिरा दिलेली, मग रात्री बाथरूमला उठायचं, एकदम उभं राहिलं की बीपी उतरतो, डोळ्यापुढे अंधारी, आणि खुब्याचं हाड जातं. ऐंशीच्या पुढे खुबा मोडला की माणूस पुन्हा आधीसारखं चालेल याची खात्री कुणी देत नाही. खरं तर ती लघवीची गोळी सकाळी द्या, बेडशेजारी कमोडची खुर्ची ठेवा, नाइट लॅम्प लावा, उठवताना दोन मिनिटं पाय खाली सोडून बसवा, एवढ्याने बरंच टळतं. याला मशिनरी लागत नाही, जागं माणूस लागतं.

एका ठिकाणचं सांगते, नाव नको. ओळखीच्यांच्या आजी तिथे होत्या, पॅरालिसिस, स्वतः कूस बदलता येत नाही. बेडच्या पायथ्याशी पोझिशन चार्ट लटकवलेला, म्हणजे दर दोन तासांनी कूस बदलायची, वेळ लिहायची, सही करायची. मी गेले तेव्हा दुपारचे बारा वाजायचे होते आणि चार्ट संध्याकाळी सहापर्यंत भरलेला! डावी कूस, उजवी कूस, पाठ, सगळं एकाच पेनने एका अक्षरात. आजी पाठीवरच. मी चादर सारून टाच बघितली, तर लाल डाग, बोटाने दाबला तरी पांढरा होत नव्हता. लाली दाबून पांढरी झाली तर ठीक, नाही झाली तर बेडसोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून होणारी जखम, सुरू झालाय समजायचं, कातडी फाटलेली नसली तरी. तिथल्या मावशींना विचारलं तर बिचारी खरं बोलली, "ताई, सकाळीच भरून ठेवायला सांगितलंय, कुणी आलं तर रिकामा दिसायला नको." तिच्याकडे एकटीकडे अख्खा मजला होता. नळीने जेवणारे, डायपरवाले, एक आजी सारख्या घरी जायचं म्हणून दाराशी येणाऱ्या. सकाळपासून तिने स्वतः चहा घेतला नव्हता.

म्हणून मला मावश्यांवर राग काढणारे लोक आवडत नाहीत. या मुली-बायका बीड, नांदेड, यवतमाळकडून आलेल्या असतात, कुणी ब्युरोमार्फत, बारा तासांची ड्युटी, बदली आली नाही की डबल, आणि पेशंटला बेडवरून खुर्चीत कसं घ्यायचं हे कुणी धड शिकवलेलंच नसतं, त्यामुळे पेशंट पण पडतो आणि हिची कंबर पण जाते. राइल्स ट्यूबने, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीने, फीड देताना पाठ उंच हवी आणि नंतरही अर्धा-पाऊण तास तशीच ठेवायची, नाहीतर पोटातलं छातीत जाऊन न्यूमोनिया होतो, हे सांगायला पाच मिनिटं लागतात, पण सांगणारी सिनियर सिस्टर पगारावर ठेवायला लागते आणि तिथेच मालक हात आखडता घेतात. पेशंट किती नि माणसं किती याचा हिशोब कागदावर बांधून दिल्याशिवाय हे सुधारणार नाही असं माझं ठाम मत आहे.

बाथरूमचं दार बघा. दार आत उघडणारं असेल आणि माणूस आत पडलं तर ते दारालाच अडकून पडतं, बाहेरच्याला दार ढकलता येत नाही, कडी आतून लावलेली असेल तर बघायलाच नको. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं, कडी बाहेरून उघडता येणारी हवी. कमोडशेजारचा बार नुसता टॉवेल अडकवायचा स्टीलचा रॉड आहे का भिंतीत पक्का आहे, हाताने ओढून बघा, लाजू नका. महारेराने, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम काढले, त्यात 900 मिलिमीटर रुंदीची दारं, बाथरूममध्ये पकडायला बार, न घसरणाऱ्या टाइल्स, एकापेक्षा जास्त मजले असतील तर लिफ्ट असं सगळं आहे. चांगलंच आहे, पण ते बिल्डरच्या नव्या प्रोजेक्टला. सिंहगड रोडला किंवा वाघोलीला भाड्याच्या बंगल्यात चालणाऱ्या केअर सेंटरला, जिथे वळणाचा अरुंद जिना आहे आणि बेडवरचे पेशंट वरच्या मजल्यावर आहेत, तिथे कोण जाऊन टेप लावणार?

आणि आग. हा विषय निघाला की लोक म्हणतात अशुभ बोलू नका. 1 जानेवारी 2023 ला पहाटे दिल्लीत ग्रेटर कैलाशमध्ये वृद्धांच्या केअर होमला आग लागली आणि दोन वृद्ध बायका गेल्या. आपल्याकडे नोव्हेंबर 2021 मध्ये नगरच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या आयसीयूत आग लागून दहाच्या वर पेशंट गेले. जो स्वतः उठू शकत नाही त्याला धूर पुरेसा असतो, ज्वाळा पोचायची गरज नसते. आता केअर सेंटरमध्ये खरी अडचण काय आहे ते बघा. डिमेन्शियाचे, म्हणजे स्मृती जाण्याच्या आजाराचे, पेशंट बाहेर निघून जातात म्हणून मेन दाराला कुलूप, खिडक्यांना ग्रिल, गच्चीला कुलूप. कुलूप चुकीचं नाही, मी स्वतः असा पेशंट हायवेवर सापडलेला ऐकलाय. पण रात्री त्या कुलपाची किल्ली कुठे असते? वॉचमनकडे? तो गेटवर आहे का चहाला गेलाय? किल्ली ड्युटीवरच्या प्रत्येकाच्या कमरेला हवी, आणि रात्रीच्या स्टाफने निदान एकदा तरी चादरीत गुंडाळून माणूस जिन्यावरून खाली आणायची प्रॅक्टिस केलेली हवी. मी कुठेही गेले की जिन्याखाली वाकून बघते, तिथे हमखास इन्व्हर्टर, बॅटरी आणि जुन्या गाद्यांचा ढीग सापडतो, म्हणजे पळायच्या एकमेव वाटेवर जळायचं सगळं सामान आपणच रचून ठेवलेलं. महाराष्ट्राचा 2006 चा अग्निसुरक्षा कायदा आहे, त्यात लायसन्स असलेल्या एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं फॉर्म बी सर्टिफिकेट दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं. ते दाखवा म्हणा. भिंतीवरच्या लाल सिलिंडरवरची तारीख तर कुणालाही वाचता येते.

गोळ्यांचं पण बघा बाई. रात्री आरडाओरडा करणाऱ्या आजी एकदम शांत झाल्या की घरच्यांना बरं वाटतं, "रुळली हो आता" म्हणतात. कधीकधी ती रुळलेली नसते, गोळीने गुंगीत असते. डिमेन्शियाच्या म्हाताऱ्या माणसांना ही अँटिसायकोटिक, म्हणजे भास-भ्रमाच्या मानसिक आजारावरची, औषधं दिली की मृत्यूचा धोका वाढतो अशी ठळक वॉर्निंग अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, 2005 मध्येच छापायला लावली, आणि सोयीसाठी पेशंटला बांधून किंवा गोळीने गप्प ठेवायचं नाही हे तर तिथल्या नर्सिंग होमच्या 1987 च्या कायद्यातच आहे. आपल्याकडे 2025 च्या जूनमध्ये नोएडात एका वृद्धाश्रमात धाड पडली तेव्हा माणसं बांधलेली, कोंडलेली सापडली. तेव्हा औषधांची यादी दर महिन्याला मागा, नवीन गोळी दिसली तर कुणी लिहिली, कशासाठी आणि बंद कधी करणार हे विचारा. नळी ओढतात म्हणून हात बांधले असतील तर किती वेळ बांधले ते लिहिलेलं असायला हवं.

डिपॉझिट, हॉस्पिटलात हलवायची वेळ आली तर बरोबर कोण जाणार, महिना अर्धा राहिला असेल तर पैसे परत का नाही, हे लेखी घ्या, यावर जास्त लिहीत नाही.

आता कायदा. 2007 चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, त्याच्या कलम 19 मध्ये राज्याने प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी निदान 150 जणांचं वृद्धाश्रम काढावं असं आहे. 2019 मध्ये त्यात दुरुस्तीचं बिल आलं, त्यात खाजगी केअर होमची नोंदणी आणि किमान मानकं होती, अगदी जे हवं ते. ते पास झालंच नाही, 2024 ला ती लोकसभाच संपली. मग उरतं काय? चौकशी केली की कुणी ट्रस्टचं रजिस्ट्रेशन दाखवतं, कुणी शॉप अ‍ॅक्टचा कागद. आणि गंमत नाही, मला खरंच कळत नाही, आपल्याकडे 1949 पासून शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा आहे, त्याच्या व्याख्येत आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा देणारी जागा असं आहे. कॅथेटर म्हणजे लघवीची नळी लावलेले, ट्यूबने जेवणारे, ऑक्सिजनवरचे पेशंट ज्या बंगल्यात आहेत ती जागा यात बसत नाही तर काय बसतं? महापालिकेच्या आरोग्य खात्याने एवढं जरी धरून चालायला सुरुवात केली तरी निम्मं काम होईल. इंग्लंडात केअर होमची सरकारी तपासणी होते आणि आलेलं रेटिंग, अगदी वाईट असलं तरी, लोकांना दिसेल असं लावावंच लागतं. आपल्याकडे हॉटेलला पण फूड लायसन्सचा नंबर लावावा लागतो, मग जिथे आपली आई झोपते तिथे काहीच का नको.

नवी पेठेतल्या निवारा वृद्धाश्रमासारख्या संस्था आपल्या पुण्यात किती तरी पिढ्यांपासून आहेत, सेवाभावाची इथे कमी नाही, आणि छोट्या बंगल्यात जीव ओतून काम करणाऱ्या बायकाही मी पाहिल्यात. नोंदणी आली तर त्यांचंच भलं आहे, कारण आज निम्म्या पैशात दुप्पट पेशंट भरणारा शेजारचा त्यांना मारतोय.

तोपर्यंत तपासणी घरच्यांनाच करावी लागणार. चार ते सहा या भेटीच्या वेळेत जाऊ नका, रात्री साडेनऊला जा, सकाळी सातला जा. आत सोडत नसतील तर तेच उत्तर समजा. न्यू जर्सीतल्या एका भाच्याने विचारलं की मावशी, मी रोज व्हिडिओ कॉल करतो ते पुरेसं नाही का. त्याला म्हटलं, चेहरा रोज बघतोस ना, आठवड्यातून एकदा दोन्ही टाचा आणि माकडहाडाची जागा दाखवायला सांग, दर महिन्याला वजन विचार, आणि आईशी बोलताना मावशींना दोन मिनिटं खोलीबाहेर थांबायला सांग. ज्यांचं कुणीच नाही, पण तुम्हाला शेजारच्या बंगल्यातून रात्री-अपरात्री हाका ऐकू येतात, त्यांच्यासाठी ज्येष्ठांची एल्डरलाइन आहे, 14567, फोन फुकट आहे. हाका कुणाच्या, आपल्याला काय करायचंय असं म्हणून खिडकी लावून घेऊ नका, फोन करा.