भुईकोट उघडताना (कोरोनाकाळातली नोंद)
आज दिवसभर एकच गोष्ट डोक्यात राहिली: कोरोनामुळे बंद केलेल्या किल्ल्याचं दार पुन्हा उघडायचं, येणाऱ्या प्रत्येकाचा ताप मोजायचा, तर आधी दाराशी सावली हवी. सोलापूरच्या उन्हातून आलेल्याचं कपाळ तापलेलं असतं. थर्मल गन, म्हणजे कपाळासमोर धरून ताप मोजायचं यंत्र, ताप दाखवते आणि धडधाकट माणूस परत जातो. ओल्या कपाळावर उलट कमी दाखवते. म्हणून दहा-पंधरा मिनिटं सावलीत थांबवा, घाम पुसू द्या, मग मोजा.

हात लागतो त्या जागा पुसायचं जंतुनाशक, हायपोक्लोराईट, ५ टक्क्यांचं असेल तर एक भागाला चार भाग पाणी, रोज ताजं. उन्हात त्याचा जोर जातो. लोखंडी कठड्याला ते लावलं की दहा मिनिटांनी साध्या पाण्याचा फडका फिरवा, नाहीतर गंज धरतो. दगडी तटाला, कोरीव खांबांना मात्र अजिबात लावू नका हो! क्षार दगडात मुरतात, पांढरे फुटतात, पापुद्रे सुटतात. मार्च २०२० पासून दारं बंद होती, तट तसाच उभा होता. त्याला आपल्याच हातांनी इजा नको.