माझा अनुभव: एक्सेलचा क्लास आणि आईचे डबे

एक्सेल शिकायचं म्हणून मी क्लास लावलाच नव्हता. मला सीपीसीटी द्यायची होती. मध्य प्रदेशात डेटा एंट्री ऑपरेटर, सहायक ग्रेड ३ असल्या सरकारी जागांसाठी ही परीक्षा लागते, आणि तिच्यात सगळ्यांना धास्ती असते ती हिंदी टायपिंगची. बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाच्या परीक्षा आटोपल्या होत्या, इंदूरला आमच्या राजेंद्र नगरातून भंवरकुआं चौकात जायला सिटी बस मिळते, आणि तिथे प्रत्येक इमारतीत कसला ना कसला क्लास असतोच. (चौकाचं नाव बदलून टंट्या भील चौराहा झालंय, पण बसच्या कंडक्टरपासून आमच्या सरांपर्यंत सगळे भंवरकुआंच म्हणतात.) विंडोज झालं, वर्ड झालं, आणि टायपिंगला जरा कुठे वेग येतोय तोवर सरांनी एक्सेल काढलं. मी मनातल्या मनात कुरकुरले.

घरी आई डबे देते. भंवरकुआंच्या आसपास कोचिंगवाल्या मुलांची तोबा गर्दी. पीएससीचं, म्हणजे राज्याच्या लोकसेवा आयोगाचं, मुख्यालयच इंदूरला, त्यामुळे खंडवा, खरगोन, मंदसौरकडची मुलं वर्षानुवर्षं इथे खोली घेऊन राहतात आणि त्यांना दोन वेळचा डबा लागतो. आईचा हिशोब एका लांबट वहीत असतो. डाव्या बाजूला नावं, वर तारखा, आणि ज्या दिवशी डबा नको त्या चौकोनात फुली. एकाच वेळचा नको असेल तर अर्ध्याची खूण. महिनाअखेरीस वही पुढ्यात घेऊन ती बोटांवर खाडे मोजते. हे सगळं मी लहानपणापासून बघत आलेय, पण याचा आणि कॉम्प्युटर क्लासचा काही संबंध असेल असं डोक्यात आलं नव्हतं.

पहिल्या दिवशी सरांनी कंट्रोल धरून खालचा बाण दाबायला लावला. पानाचा तळ आला: १०,४८,५७६ वी ओळ. उजवा बाण दाबला तर १६,३८४ वा रकाना. वर्गात ‘बाप रे’ झालं. सर म्हणाले, २००७ च्या आधीच्या एक्सेलमध्ये ६५,५३६ च ओळी होत्या, आणि जुन्या पद्धतीच्या फायलीत आजही तेवढ्याच मावतात. मग त्यांनी ब्रिटनची गोष्ट सांगितली. २०२० च्या शरद ऋतूत तिथल्या कोरोनाच्या आकडेवारीतून जवळजवळ १६ हजार रुग्ण गळले होते, कारण प्रयोगशाळांकडून आलेली माहिती जुन्या फाइलमध्ये भरली जात होती आणि ओळी संपल्यावर पुढचं आत शिरतच नव्हतं. कुणाला काही दिसलं नाही, कारण पडद्यावर जे होतं ते व्यवस्थितच दिसत होतं.

या सरांचं एक वाक्य आमच्या बॅचमध्ये फार चाललं. कुणीही ‘सर, टोटल नहीं आ रहा’ म्हणून हात वर केला की ते जागचे न हलता विचारायचे, ‘किधर चिपका है? उल्टे हाथ या सीधे हाथ?’ आकडा टाकला की एक्सेल तो आपणहून रकान्याच्या उजव्या कडेला लावतं, अक्षरं डाव्या. म्हणजे ५०० हा आकडा डावीकडे चिकटलेला दिसला, तर एक्सेलच्या लेखी तो आकडा नाहीच, नुसती अक्षरं आहेत, आणि बेरजेत तो धरला जाणार नाही. कुठूनतरी कॉपी करून आणलेल्या माहितीत हे हमखास होतं. मात्र एखाद्याने हौसेने सगळं मधोमध करून ठेवलं असेल तर ही खूणच पुसली जाते. म्हणून सर सजावटीवर चिडायचे. आमच्या बॅचमधल्या निम्म्या लोकांचा जीव मात्र रंग भरण्यात आणि ‘मर्ज अँड सेंटर’ करण्यात, म्हणजे शेजारची घरं जोडून मजकूर मधोमध आणण्यात. मर्ज केलेल्या शीर्षकांसकट पान निवडून ते अकारविल्हे लावायला गेलं की एक्सेल नकार देतं, तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असायचे.

क्लासमध्ये सरावाला ठरलेली हजेरीची शीट असते: हजर तिथे पी आणि गैरहजर तिथे ए भरा, काउंटइफ लावा (ते किती पी, किती ए हे मोजतं), टक्के काढा. ती करतानाच मला आईची वही डोळ्यांसमोर दिसायला लागली. तीच नावं डावीकडे, त्याच तारखा वर. पण आमच्या घरी काउंटइफ कामाचं नव्हतं, कारण अर्धा खाडा असतो. मग मी फुलीच्या जागी १ आणि एका वेळच्या खाड्याला ०.५ असं धरलं, आणि साधा सम, म्हणजे बेरजेचं सूत्र, पुरला. क्लासमध्ये जे कौतुकाने शिकवतात ते घरी लागेलच असं नाही, हे मला तिथेच कळलं.

वहीतून उतरवायला दादाला बसवलं. मी वाचत होते, तो टाइप करत होता. ‘अर्धा’ म्हटलं की त्याने सरळ एक, तिरकी रेघ, दोन असं टाकलं. त्याचं काय चुकलं? आईच्या वहीत तसंच लिहिलेलं आहे. एक्सेलने त्याची तारीख केली, १ फेब्रुवारी. आणि तारीख म्हणजे एक्सेलच्या पोटात १ जानेवारी १९०० पासून मोजलेला दिवसांचा आकडा असतो. त्यामुळे त्या मुलाचे खाडे पंचेचाळीस हजारांवर गेले आणि बिलात आईच त्याला अठ्ठेचाळीस लाखांच्या वर देणं लागली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘सांग त्याला, हप्त्याने देईन.’

तारखांचं हे प्रकरण मी पुढे खणत गेले, कारण मला त्यात खरोखर मजा आली. एक्सेलच्या या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० असा एक दिवस आहे जो कधी उगवलाच नाही. १९०० हे लीप वर्ष नव्हतं (शंभराने भाग जातो पण चारशेने जात नाही). ही चूक लोटस १-२-३ या त्याआधीच्या प्रोग्रॅमची, आणि त्याच्या फायली एक्सेलमध्ये जशाच्या तशा चालाव्यात म्हणून एक्सेलने ती जाणूनबुजून उचलली. अजून तशीच आहे.

पण रोजच्या कामात नडतं ते दुसरंच. क्लासच्या मशीनवर विंडोजचं सेटिंग अमेरिकेचं होतं, म्हणजे आधी महिना, मग दिवस. कोणत्या मुलाने कधीपासून डबा लावला त्या तारखा मी तिथे बसून भरल्या. घरी लॅपटॉपवर, जिथे सेटिंग भारताचं आहे, फाइल उघडली तर ५ जुलैला लागलेला मुलगा ७ मेपासून जेवत होता. आणि १३ तारखेपासून पुढच्या सगळ्या तारखा डावीकडे चिकटलेल्या. सरळ आहे, तेरावा महिना नसतो, म्हणून अमेरिकी सेटिंगला ती तारीखच वाटली नाही, आणि त्याने ती अक्षरं म्हणून ठेवून दिली. गंमत अशी की ज्या डावीकडे गेल्या त्या बिनधोक, लगेच दिसतात. १ ते १२ या तारखा उजवीकडे छान बसलेल्या असतात आणि त्यातल्याच उलट्या झालेल्या असतात. कंट्रोल पॅनेलमध्ये रीजन बदलून इंग्लिश (इंडिया) केलं की पुढे भरलेल्या तारखा नीट बसतात, शिवाय स्वल्पविरामही लाख-कोटीच्या जागी येतात. आधी बिघडलेल्या तारखा मात्र हातानेच दुरुस्त कराव्या लागतात. हे परीक्षेला कुणी विचारत नाही. विचारायला हवं.

मग दराचा भाग. महिन्याचे ३,२०० रुपये, दोन वेळचा डबा, भागिले तीस, आणि त्या हिशोबाने खाडे वजा. दर एच१ या घरात लिहिला आणि सूत्र पहिल्या मुलासमोर. पहिलं बिल बरोबर. खाली ओढलं की बाकी सगळी शून्य, कारण सूत्र एक ओळ खाली सरकलं की तेही एच२ कडे बघायला लागतं, आणि एच२ मध्ये काहीच नाही. एफ४ दाबून डॉलरची चिन्हं लावली की एच१ जागचं हलत नाही. (बऱ्याच लॅपटॉपवर एफ४ च्या आधी एफएन धरावं लागतं. क्लासच्या डेस्कटॉपवर शिकलेल्यांना घरी आल्यावर वाटतं, आपलंच काहीतरी बिघडलंय.) सरांचं म्हणणं असं की दर बदलला तर एकाच घरात बदला, सगळी बिलं आपोआप बदलतील. वर्गात सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही.

जुलैपासून आईने दर ३,४०० केला. मी मोठ्या थाटात तिच्यासमोर एच१ बदललं आणि म्हटलं, बघ, झालं. तिने चष्मा वर करून पडद्याकडे पाहिलं.

‘जूनचं पण बदललं की गं.’

‘हो, सगळंच बदलतं.’

‘पण जूनचे पैसे त्यांनी देऊन झालेत. आता त्यांच्याकडे दोनशे बाकी दाखवणार का?’

कम्प्युटरला हात न लावता तिने एका वाक्यात जे सांगितलं ते सरांच्या नोट्समध्ये नव्हतं. दर हा एक आकडा नसतोच, तो ‘कधीपासून’ला बांधलेला असतो. मग मी वेगळ्या पानावर दोन रकाने केले: कोणत्या तारखेपासून, किती. आणि बिलाच्या ओळीत व्हीलुकअप, म्हणजे यादीत जुळणारी ओळ शोधून तिच्यातला आकडा आणणारं सूत्र. क्लासमध्ये व्हीलुकअपच्या शेवटी डोळे मिटून शून्य लिहायला शिकवतात, म्हणजे तंतोतंत जुळणारंच शोध. इथे त्याच्या उलट हवं. शेवटी १ लिहिलं, आणि तारखा चढत्या क्रमाने लावलेल्या असल्या, की ते त्या तारखेचा, नाहीतर तिच्या आधीचा सर्वांत अलीकडचा दर उचलतं. जूनला ३,२००, जुलैला ३,४००, पुढे कधी वाढवला तर एक ओळ खाली जोडायची. मला हे जमलं तेव्हा सरांना नेऊन दाखवलं. ते म्हणाले, ‘बेटा, ये तो एग्ज़ाम में नहीं आएगा।’ पण दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात ते शिकवलं.

व्हीलुकअपचा आणखी एक खोडसाळपणा: नावावरून शोधलं तर पहिलं सापडेल तिथेच थांबतं. आमच्याकडे एकाच नावाची तीन मुलं आहेत, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्यालाही पहिल्याचंच बिल. आईच्या डब्यांवर झाकणाला ऑइलपेंटने नंबर टाकलेले आहेत, पोचवणाऱ्या मुलाच्या सोयीसाठी. तोच नंबर पहिल्या रकान्यात घेतला आणि प्रश्न मिटला.

सगळं बसलं असं वाटलं तेव्हा आईने तोंडी बेरीज केली. तीन मुलांचे जूनमध्ये सारखेच सात-सात खाडे होते. पडद्यावर तिघांपुढे २,४५३ आणि खाली बेरीज ७,३६०.

‘७,३५९ होतात. हा एक रुपया कुठला?’

३,२०० चे तेवीस तिसांश म्हणजे २,४५३.३३. मी दशांश लपवले होते, काढले नव्हते. डोळ्यांना २,४५३ दिसत होतं, आत तेहतीस पैसे जिवंत होते, आणि तिघांचे मिळून रुपया झाला होता. दशांश कमी करायचं बटण फक्त दिसणं बदलतं. खरोखर काढायचे तर सूत्रालाच राउंड लावावं लागतं. लावलं, आणि बेरीज ७,३५९ वर आली. आई म्हणाली, ‘आता बरोबर. नाहीतर एखादा पीएससीवालाच मला विचारेल.’

वही अजून बंद झालेली नाही. खाडा कळवायचा फोन रात्री येतो तेव्हा तिच्या हाताला पीठ असतं, ती वहीत फुली मारते, आणि मी दोन-चार दिवसांनी शीटमध्ये उतरवते. ०.५ आणि १ सोडून तिसरं काही लिहिताच येणार नाही असं डेटा व्हॅलिडेशन लावून ठेवलंय, मुख्यतः दादासाठी. ‘भात नको, पोळ्या दोन जास्त’ असल्या नोंदींसाठी मी अजून रकाना केलेला नाही, आणि आई म्हणते करूही नकोस, त्याचे ती पैसे लावत नाही.

एक गोष्ट अडलीय. आईचा महिना एक तारखेचा नसतो, ज्या दिवशी मुलगा लागला त्या दिवसापासूनचा असतो. पुढची तारीख काढायला ईडेट नावाचं सूत्र आहे, ते १५ जूनला १५ जुलै देतं. पण ३१ जानेवारीला लागलेल्याला ते २८ फेब्रुवारी देतं, आणि त्या २८ ला पुन्हा तेच लावलं तर २८ मार्च, म्हणजे मुलाचे तीन दिवस गेले. प्रत्येक वेळी मूळ तारखेपासूनच महिने मोजले तर मार्चला परत ३१ येते, पण फेब्रुवारीच्या बिलाचं काय, त्यात दिवस किती धरायचे? मी दोन कागद भरून उदाहरणं मांडली आणि आईला विचारलं की तू आजवर काय करत होतीस.

‘एकतीसला मी कुणाला घेतच नाही,’ ती म्हणाली. ‘त्या दिवशी फुकट जेवायला घालते आणि एक तारखेपासून धरते.’

क्लासमध्ये आता पॉवरपॉइंट चालू आहे.